घंटा वाजून गेल्यावर

गुरुवारी दुपारी माम्पिंगा आपल्या लाल ब्लाउजला इस्त्री करत होती आणि सगळा राग इस्त्रीवर काढत होती. वीज गेलेली, म्हणून चुलीवर तापवलेली जुनी लोखंडी इस्त्री. ती बिचारी दाबली तेवढी दबायची. पण माम्पिंगाला कुणावर तरी चिडायचंच होतं. देवावर चिडायची सोय नव्हती, कारण तासाभराने त्याच्याच दारात जायचं होतं. लेकीवर चिडावं, तर ती सकाळपासून टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसली होती. अख्ख्या न्ताबेनी गावात फोनला रेंज मिळते ती तिथेच.

लेक खाली आली ती चप्पल आपटतच.

"काय म्हणाले?" माम्पिंगाने मान वर न करता विचारलं.

"काय म्हणणार? अर्ज विचाराधीन आहे. परवा तेच, आज तेच. एक बाई आहे तिथे फोनवर, तिला बहुतेक तेवढं एकच वाक्य शिकवलंय."

"होईल गं पोरी. धीर धर."

"किती धरू? केस पांढरे होईपर्यंत? मग मीच जाते त्या वृद्धाश्रमात. कामाला नाही, राहायला."

माम्पिंगाला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. हसायचा तिला हक्क नव्हता. का नव्हता, ते फक्त तिला आणि देवाला माहीत होतं.

लेक बबल्वा शिकलेली नर्स. मथाथा शहरात शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि तीन वर्षं घरात बसली. गावच्या दवाखान्यात रोग्यांची रांग फाटकाबाहेर जाते, आत एक नर्स धावून धावून मरते, सरकार दुसरी जागा भरत नाही, आणि इकडे शिकलेली नर्स मेंढ्यांना पाणी दाखवते. आता बोला! मग कुठून कुठून खटपट करून तिला आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली. नोकरी पक्की, राहायची खोली पक्की. फक्त पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का उमटून यायचा होता, आणि तो येत नव्हता. ईस्टर झाला, मका काढून झाला, जूनमधला हिवाळा तोंडावर आला, तरी नाही. गेल्या आठवड्यात वृद्धाश्रमाच्या बाईंनी कळवलं, की महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवू, नंतर दुसऱ्या कुणाला तरी देऊ. महिना संपायला आता फार दिवस उरले नव्हते.

गावातल्या बायकांचा प्रार्थना संघ पहिल्या दिवसापासून या कामाला लागला होता. दर गुरुवारी चाळीसएक बायका लाल ब्लाउज, काळा स्कर्ट आणि पांढरी टोपी घालून पत्र्याच्या चर्चमध्ये जमायच्या. एकीने उठून गाऱ्हाणं मांडायचं, मग सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि एकदम, एकाच वेळी, मोठमोठ्याने, प्रत्येकीने आपापल्या शब्दांत देवाला हाक मारायची. रडायचं असेल तर रडायचं, जमीन बडवायची असेल तर बडवायची. चाळीस तोंडांचा तो गलका पत्र्यावर आदळून खाली यायचा. कुणाचं काय चाललंय ते शेजारणीलाही कळायचं नाही. पुरे झालं असं वाटलं की संघाची प्रमुख मारादेबे हातातली पितळी घंटा वाजवायची, आणि सगळ्या गप्प.

या चाळीसजणींत माम्पिंगाचा मान मोठा. म्पिंगा कुळाची लेक, म्हणून माम्पिंगा. खरं नाव तिला स्वतःलाही आठवून घ्यावं लागायचं. तिच्या प्रार्थनेत दम आहे असं सगळ्या म्हणायच्या. माद्लोमोची गाय हरवली, माम्पिंगाने गुडघे टेकले, दुसऱ्या दिवशी गाय आपल्या पायांनी अंगणात. मारादेबेच्या नातवाचा ताप उतरेना, माम्पिंगा रात्रभर उशाशी बसली, आणि पहाटे पोरगं खायला मागू लागलं. "आमचं आपलं वाऱ्यावर जातं, माम्पिंगाचं मात्र सरळ वर पोचतं," असं माद्लोमो म्हणायची आणि वर बोट दाखवायची.

आणि घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं.

पहिल्या गुरुवारी माम्पिंगाने अगदी मनापासून सुरुवात केली होती. बापा, माझ्या लेकीचा शिक्का होऊ दे, तिचं शिक्षण वाया जाऊ देऊ नकोस. चार वाक्यं नीट झाली. पाचव्या वाक्याला तिच्या डोळ्यांपुढे तिचा नवरा आला. बसच्या पायरीवर, खांद्यावर घोंगडी, सोन्याच्या खाणीत निघालेला. तो परत आला तो शवपेटीत. त्याच्यामागून डोळ्यांपुढे मोठा मुलगा आला. म्झिमासी जोहान्सबर्गला गेला, त्याला किती वर्षं झाली. नाताळला त्याचा फोन येतो, तोही दुसऱ्याच्या फोनवरून, आणि मागे कुणीतरी 'आटप' म्हणत असतं. या घरातून जो गेला तो गेलाच. आता ही शेवटची. माम्पिंगाची जीभ आपोआप फिरली. नको. बापा, नको. हिला नको नेऊस. कागद अडकव. आजूबाजूला चाळीसजणी 'जाऊ दे' म्हणून टाहो फोडत होत्या, आणि त्या गलक्यात ही एकटी 'नको' म्हणत होती, त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

त्यानंतर दर गुरुवारी तेच. घरून निघताना ती स्वतःला बजावायची की आज सरळ मागायचं. दर वेळी पाचव्या वाक्याला गाडी घसरायची. आणि पासपोर्ट येत नव्हता! माम्पिंगाला भीती वाटायला लागली होती. चाळीसजणी एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे, आणि तीच जिंकत होती. देवाला सांगावं तरी काय, की बाबा, माझं ऐकू नकोस? तेही तो ऐकेल की नाही कुणास ठाऊक.

"आई, जळतंय!"

बबल्वाने झडप घालून इस्त्री उचलली. ब्लाउजच्या बाहीवर तपकिरी डाग उमटला होता.

"तुझं लक्ष कुठे असतं गं हल्ली?" बबल्वा म्हणाली. "टेन्शन मला आहे आणि कपडे तू जाळतेस."

फाटकाशी हाक आली. मारादेबे आणि माद्लोमो आल्या होत्या, दोघीही लाल ब्लाउजमध्ये, दोघीही उपाशी. मारादेबेने आज सगळ्या संघाला सकाळपासून उपास सांगितला होता. माम्पिंगानेही धरला होता. हा उपास नेमका कुणाच्या बाजूने मोजला जाणार, याचा विचार करून तिचं डोकं दुखत होतं.

"बबल्वा, आज तूही चल," मारादेबे म्हणाली. उंच, कोरड्या आवाजाची बाई. तिने 'चल' म्हटलं की पाद्रीसुद्धा चालायचे. "आज तुला पुढे बसवून प्रार्थना करायची. मी फार विचार केला. इतके महिने चाळीस बायका ओरडतायत आणि वर कुणी दार उघडत नाही, याचा अर्थ काय?"

"तो जेवायला बसला असेल," माद्लोमो म्हणाली. "आपल्यासारखा उपाशी थोडाच आहे?"

"गप गं. याचा अर्थ, आपल्यातल्याच कुणाच्या तरी मनात खोट आहे."

माम्पिंगाच्या हातातली टोपीची पिन खाली पडली. ती शोधायला ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"माझ्याकडे बघू नकोस," माद्लोमो म्हणाली. "माझ्या मनात खोटबिट काही नाही. आत्ता फक्त मका आणि घेवडा आहे, शिजलेला."

चर्चमध्ये गारठा होता. बबल्वाला अगदी पुढे, वेदीच्या कठड्यापाशी बसवलं. मारादेबेने गाऱ्हाणं मांडलं. महिना संपत आलाय, पोरीचं आयुष्य त्या एका शिक्क्यावर अडलंय, आज कुणी कमी पडू नका. सगळ्याजणी धपाधप गुडघ्यांवर आल्या. माम्पिंगा नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या बाकाजवळ टेकली आणि तिने डोळे घट्ट मिटले. आज नाही, ती स्वतःशी म्हणाली. आज लेक समोर बसलीय. आज मी नीट मागणार.

आवाज चढला. उपाशी पोटाने बायका जास्तच तळमळून ओरडतात. कुणी छाती बडवत होतं, कुणी बबल्वाचं नाव घेऊन हुंदके देत होतं. माम्पिंगाने एक वाक्य म्हटलं, दोन म्हटली, तीन म्हटली. चौथ्याला तिने डोळे किलकिले केले आणि पुढे बसलेल्या लेकीची मान तिला दिसली. लहानपणी केस विंचरताना जी मान दोन गुडघ्यांत धरून ठेवायची, तीच. मग तिच्यातलं सगळं उसळून बाहेर आलं. ती दोन्ही मुठींनी जमीन बडवायला लागली. महिन्यामहिन्यांचा राग, भीती, पेटी, घोंगडी, नाताळचा तो फोन, सगळं एकदम तोंडात आलं. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. बरं वाटत होतं एवढंच कळत होतं.

मग तिला जाणवलं, की स्वतःचा आवाज आज फारच स्पष्ट ऐकू येतोय.

"...ऐकू नकोस त्यांचं! माझं ऐक! तो कागद फाड, त्या साहेबाचा हात मोड, तुला वाट्टेल ते कर, पण माझी पोर मला ठेव! चाळीसजणी ओरडू देत, तू माझं ऐक..."

तिने डोळे उघडले. घंटा कधीच वाजून गेली होती. मारादेबेच्या हातात ती अजून होती, खाली वळलेली. सगळ्या टोप्या माम्पिंगाकडे फिरल्या होत्या. कठड्याजवळ बबल्वा उभी राहिली होती.

मारादेबेला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने पुन्हा एकदा घंटा वाजवली. त्या घंटेने कुणाला गप्प करायचं होतं देव जाणे, सगळ्या गप्पच होत्या.

"अगंबाई," माद्लोमो हळूच म्हणाली, "म्हणजे चाळीसजणींना ही एकटी पुरून उरली."

एक पोरगेली सून फिसकन हसली आणि तिच्या सासूने तिला कोपराने ढोसलं. मारादेबेने गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच गातोय, आणि तीही थांबली.

बबल्वा बाहेर पडली. माम्पिंगा तिच्या मागे धावली, पण साठीला टेकलेले गुडघे आणि उपाशी पोट, किती धावणार? ओढ्याच्या पुलाशी तिने लेकीला गाठलं, तेही बबल्वाच थांबली म्हणून.

"पोरी, ऐक..."

"ऐकलं की. सगळ्या गावाने ऐकलं."

"माझ्यामुळे अडलंय ते. मला ठाऊक आहे. मी मुद्दाम नाही गं केलं, तोंडातून आपोआप..."

"तुझ्यामुळे नाही अडलं!" बबल्वा ओरडली. "तिथे एक टेबल आहे, त्यावर कागदांचा ढीग आहे, त्या ढिगात माझा कागद खाली आहे. बस. तुझी प्रार्थना त्या कचेरीला नाही ऐकू जात, आई. मला गेली. तेवढं पुरे झालं मला."

"मी एकटी पडेन गं."

"हे मला सांगायचं होतंस! मला! जेवताना, भांडी घासताना, कधीही. मी दर गुरुवारी तुला विचारायचे, आज कशी झाली प्रार्थना, आणि तू म्हणायचीस, छान झाली." तिने डोळे पुसले, रागानेच. "छान झाली म्हणे."

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. बबल्वा अंगणातल्या दुसऱ्या, लहान गोल घरात झोपायला गेली. चहा झाला की ती कुत्र्याला सांगायची, "सांग रे, चहा झालाय." माम्पिंगा कुत्र्याला सांगायची, "सांग तिला, साखर कमी आहे." कुत्रा बिचारा दोघींकडे बघून शेपूट हलवायचा. एरवी दोघी हसल्या असत्या.

माम्पिंगाने प्रार्थना सोडली नव्हती. ती गोठ्यात म्हणायची, पाणी भरताना म्हणायची. जाऊ दे तिला, बापा, जाऊ दे. तोंडाने म्हणायची आणि आतून कुणीतरी ओरडायचं, नको. जितक्या जोरात ती 'जाऊ दे' म्हणायची तितक्या जोरात आतली 'नको' म्हणायची. ती अगदी मेटाकुटीला आली. एकदा तर तिने पाण्याची बादली लाथाडली आणि मग पुन्हा भरून आणली.

सोमवारी मारादेबे आली. माम्पिंगा दारातच बसली होती.

"ब्लाउज न्यायला आलीस?" माम्पिंगाने विचारलं. संघाचा नियम मोडला की ब्लाउज काढून घेतात, आणि त्या बाईला साध्या कपड्यांत मागच्या बाकावर बसावं लागतं. हे तिने दुसऱ्यांचं पाहिलं होतं. "आत टांगलाय. बाहीवर डाग आहे."

"तुझा ब्लाउज घेऊन मी काय करू? माझा एक दंड मावेल त्यात." मारादेबे तिच्याशेजारी टेकली. "मला वेगळंच सांगायचंय. ती प्रार्थना परत घे."

"परत? केलेली प्रार्थना परत कशी घेतात?"

"मला काय माहीत? आजवर कुणाला परत घ्यायची वेळ आली नव्हती."

"मी प्रयत्न करतेय, मारादेबे. रोज करतेय. तोंड एक म्हणतं, आत दुसरंच चालतं. तो कुणाचं ऐकेल?"

"आतलीचं ऐकेल. तीच तर खरी ना."

"मग झालं! मग मी काय करू? आतलीला मारून टाकू?"

मारादेबेने पायातली चप्पल काढून झटकली. मग म्हणाली, "माझे तिघं शहरात गेले. तुला ठाऊकच आहे. दर रविवारी फोन येतो. मी म्हणते, सगळं छान आहे, तुम्ही जपा. फोन ठेवते आणि भांडी आपटते. परवा एक पातेलं चेपलं. पण तुझ्यासारखं देवाच्या तोंडावर ओरडायची हिंमत मला कधी झाली नाही. मी सगळं नीट नीट मागत आले." ती उठली. "आतलीलाच बोलू दे, माम्पिंगा. पण गलक्यात लपून नाही. या गुरुवारी तू एकटी. आम्ही गप्प बसू."

"चाळीसजणी गप्प? माद्लोमोसुद्धा?"

"तिच्या तोंडात पाव कोंबू."

गुरुवारी माम्पिंगा डागाळलेला ब्लाउज घालून गेली. पुढे जाऊन तिने गुडघे टेकले. मागे चाळीसजणी टेकल्या आणि खरंच गप्प राहिल्या. त्या चर्चमध्ये असं कधी झालं नव्हतं. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू येत होती. दार करकरलं. माम्पिंगाने वळून पाहिलं नाही, पण ती चाल तिने ओळखली. बबल्वा आली होती आणि शेवटच्या बाकावर बसली होती.

"बापा," माम्पिंगा म्हणाली आणि थांबली. आवाज इतका लहान आला की तिला लाज वाटली. गलका नसला की माणूस किती उघडा पडतो!

"बापा, मला नकोय ती गेलेली. हे तुला ठाऊक आहे. मी खोटं बोलत नाही, आता बोलून उपयोगही नाही, सगळ्यांनी ऐकलंय. तू माझा नवरा पेटीतून पाठवलास. मोठ्याला तर पाठवलंच नाहीस. मी तुझ्यावर रागावलेय. फार रागावलेय. मी इतरांच्या गायी मागितल्या, तापातली पोरं मागितली, तू दिलीस, आणि माझं म्हणून जे होतं तेवढं बरोबर उचललंस."

मागे कुणीतरी नाक ओढलं. माद्लोमो असावी.

"पण पोर माझी असली तरी तिचं जगणं माझं नाही. तिने मेंढ्या राखायला शिक्षण नाही घेतलं. तिला जायचंय. मला नकोय, पण तिला जायचंय. मग तिचं ऐक. माझं ऐकू नकोस. मी उद्या पुन्हा 'नको' म्हणेन, झोपेत म्हणेन, तेव्हा कानावर हात ठेव. तिला हवं ते तिला दे. आणि मला ते आवडलंच पाहिजे अशी सक्ती करू नकोस. एवढंच. मला दुसरं काही येत नाही."

'आमेन' म्हणायचं ती विसरली. मारादेबे घंटा वाजवायची विसरली. माम्पिंगा तशीच बसून राहिली, कारण तिला उठताच येईना. मग कुणाचा तरी हात तिच्या काखेत आला, शिकलेल्या नर्सचा, कुठे धरायचं ते नेमकं जाणणारा.

"ऊठ," बबल्वा म्हणाली. "गुडघे गेले तुझे. कितीदा सांगितलं खाली काहीतरी घेऊन बसत जा."

घरी जाताना दोघी सोबत चालल्या. पुलाशी बबल्वा म्हणाली, "एकटी नाही राहायचीस तू. मी रोज फोन करेन." माम्पिंगा म्हणाली, "रेंज टेकडीवर आहे." बबल्वा म्हणाली, "मग चढ रोज. गुडघ्यांना बरंच आहे." रात्री तिने अंथरूण आईच्या खोलीत आणून टाकलं.

अंधारात लेकीचा श्वास ऐकत माम्पिंगा पडून राहिली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं. तिने खरं मागितलं होतं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत खरं. त्यात आता खोट नव्हती. पण देवाला ती काही आज ओळखत नव्हती. कधी घाई नाही केली त्याने. एखादी गाय द्यायची, ताप उतरवायचा, ही किरकोळ कामं तो रातोरात करतो, पण मोठं काम म्हटलं की त्याला वर्षं लागतात. महिना संपेल, ती जागा जाईल, मग दुसरी शोधावी लागेल, पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. नाताळ तर नक्की दोघींचा एकत्र होईल. कदाचित पुढचा ईस्टरही. मागितलं तर आहे, आता त्याच्या सोयीने होऊ दे, असं म्हणत तिला छान झोप लागली.

शुक्रवारी सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. लाल ब्लाउज धुऊन झाला होता, बाहीवरचा डाग तेवढा गेला नव्हता. टेकडीवरून कुणीतरी ओरडत खाली येत होतं. आधी तिला वाटलं मेंढीमागे कोल्हा लागला. मग तिला हात दिसले, दोन्ही वर केलेले, आणि एका हातात फोन.

"आई! झालं! शिक्का झाला! पासपोर्ट मथाथाला येतोय! आई!"

पलीकडच्या अंगणातून माद्लोमोने जीभ हलवत उंच स्वरात ललकारी दिली. तिच्या पलीकडून दुसरी आली, ओढ्यापलीकडून तिसरी. बघता बघता सगळी टेकडी बायकांच्या आवाजाने भरून गेली. बबल्वा धापा टाकत येऊन आईच्या गळ्यात पडली. ती हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काल म्हणालीस आणि आज, आई! काल म्हणालीस आणि आज!"

"हो," माम्पिंगा म्हणाली. "हो गं पोरी. हो." तिने लेकीची पाठ थोपटली, डोकं थोपटलं, मान थोपटली. मग म्हणाली, "जा, मारादेबेला सांगून ये. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर रागवेल."

बबल्वा पळाली. माम्पिंगा गोठ्याच्या दगडी भिंतीमागे गेली, जिथून कुणाला दिसली नसती. गुडघे टेकले नाहीत. उभ्यानेच वर पाहिलं आणि ओले हात कमरेवर ठेवले.

"काय रे," ती म्हणाली, "इतके महिने कानात बोळे घालून बसला होतास ना? आणि काल एकदा म्हटलं, तर लगेच? नाताळपर्यंत तरी थांबायचं होतंस. एवढी कसली घाई झाली होती तुला?"

गावभर ललकाऱ्या चालल्याच होत्या. त्या गलक्यात तिचं कुणालाच ऐकू गेलं नसतं. तिला ते कळलं, आणि ती मुद्दाम, अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली.

"आता तीच घाई तिला परत आणताना दाखव!"